एका कर सल्लागाराच्या ऑफिसातले तीन कॉम्प्युटर

१४ जुलै २०२२, गुरुवार. दुपारी साडेतीनला बापूंचा फोन. "लवकर ये. एकबी फाइल उघडंना." मागून ताईंचा आवाज येत होता, "मी कशाला हात नाही लावला ओ. विंडोजचं अपडेट चालू होतं म्हणून चहाला गेले."

त्या चहाच्या वीस मिनिटांत काय झालं आणि पुढच्या तीन वर्षांत त्या ऑफिसात कोणती सॉफ्टवेअरं टिकली, कोणती गेली, त्याची ही हकिकत. माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

बापू विट्यात तीसेक वर्षं कर सल्लागार आहेत. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर-स्कॅनर. हाताखाली बारा वर्षांपासूनच्या ताई आणि बी.कॉम. झालेला भाचा. पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, सव्वातीनशेच्या आसपास. निम्म्या यंत्रमागवाल्या आणि दुकानदार, बाकीच्या गलाई व्यवसायातल्या. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. दुकान केरळात किंवा आसामात, हिशेब मात्र गावाकडच्या माणसाकडे. त्यामुळे 'ऑनलाइन काम' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधीपासून बापूंचं ऑफिस ऑनलाइनच होतं. बिलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर, ओटीपी फोनवर, सही डोंगलवर, म्हणजे डिजिटल सहीच्या यूएसबी किल्लीवर.

मी गावात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि देखभालीचं काम करतो. बापूंचं वार्षिक काम माझ्याकडेच होतं. म्हणजे जे झालं त्यात माझाही वाटा आहे. त्यातल्या दोन मशीनवरचं विंडोज आणि ऑफिस मीच 'चालू करून' दिलेलं होतं. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नसतं, आपण शिकलेलो असतो, आणि मग ते चालून जातं. ते चुकीचं होतं हे आधी सांगून टाकतो.

तर ती दुपार. एका पार्टीला आयकर खात्याची नोटीस आली होती. उत्तराला बिलांचा गठ्ठा जोडायचा होता आणि पोर्टल पाच एमबीच्या वरची फाइल घेत नाही. ताईंनी स्कॅन केलेली पीडीएफ झाली अठ्ठेचाळीस एमबी. ती लहान करायला त्यांनी गूगलवर शोधलं, एका नावाजलेल्या पीडीएफ एडिटरची 'फुल व्हर्जन' सापडली, उतरवली. झिप फाइलला पासवर्ड होता आणि सोबत एक टिपण: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग सेटअप चालवा. ताईंनी सांगितल्याबरहुकूम केलं. काही वेळानं विंडोज अपडेट होत असल्याची एक खिडकी आली. अपडेट म्हटल्यावर माणूस उठतोच.

ती खिडकी खोटी होती. हा स्टॉप किंवा डिजेव्हीयू नावानं ओळखला जाणारा खंडणीखोर प्रोग्राम. त्याचा मुख्य रस्ताच क्रॅक आणि की-जनरेटर, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या चोरवाटा. पडद्यावर अपडेटचं नाटक चालू असताना मागे तो एकेक फाइल कुलूपबंद करत जातो आणि नावापुढे चार निरर्थक अक्षरं चिकटवतो. मी पोचलो तेव्हा प्रत्येक फोल्डरमध्ये एक रीडमी फाइल पडलेली होती: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर निम्मे, ४९०. तेव्हाच्या भावानं एकोणचाळीस हजार रुपये. बापूंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सवलत पण देतोय की."

मी पहिलं काम केलं ते नेटची वायर उपटण्याचं. दुसरं, बाकीची दोन मशीनं बघितली. एक ठीक होतं. भाच्याच्या मशीनचं शेअर केलेलं फोल्डर मात्र गेलं होतं. ताईंच्या मशीनला बॅकअपचा पेनड्राइव्ह कायम लावलेला असायचा, तोही गेला.

फाइली सुटतील का? एम्सिसॉफ्ट कंपनीनं २०१९ मध्ये या प्रोग्रामसाठी सोडवणुकीचं मोफत साधन काढलं होतं. पण त्यात एक मेख आहे. कुलूप लावताना प्रोग्रामला आपल्या मालकाच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही तर तो पोटातली ठरलेली किल्ली वापरतो. त्या आवृत्तीच्या तावडीत सापडलेल्या सगळ्यांना ती किल्ली सारखीच, त्यामुळे एकाची मिळाली की दुसऱ्याचंही भागतं. सर्व्हरशी बोलता आलं तर मात्र प्रत्येकाला वेगळी किल्ली. रीडमीमधला ओळख क्रमांक 'टी-वन'वर संपला तर पहिला प्रकार. आमचा तसा संपत नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी ऑफिसला फायबर घेतलं होतं, नेट झकास चालत होतं.

पैसे द्यायचे नाहीत हे बापूंनी पहिल्या तासातच ठरवलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं, डॉलर कुणाला आणि कसे पाठवायचे हेच त्यांना पटत नव्हतं. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. मग वीस तारखेचं जीएसटीचं थ्रीबी विवरण आणि एकतीस तारखेची आयकर विवरणं समोर दिसायला लागली. त्या वर्षी मुदत वाढेल अशी अर्ध्या गावाची खात्री होती. ती वाढली नाही. एकट्या ३१ जुलैला देशात ७२.४२ लाख विवरणं भरली गेली. त्यातली चाळीसेक आमच्या ऑफिसातून, एका मशीनवरून, रात्री पावणेबारापर्यंत.

काय गेलं त्याचा हिशेब मी समजत होतो त्यापेक्षा हलका निघाला. भरलेली विवरणं पोर्टलवर होतीच. खरेदीची बाजू जीएसटी पोर्टलवरच्या टूबी या तक्त्यातून परत काढता आली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एक बॅकअप एप्रिलमध्ये कुणीतरी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन खणात टाकला होता, पिनांच्या डबीखाली. तो वाचला. एप्रिल ते जुलैच्या विक्रीच्या नोंदी पार्ट्यांकडून बिलं मागवून पुन्हा मारल्या. कष्टाचं काम, पण होणारं.

खरा घोर वेगळाच होता, आणि तो बापूंना समजावायला मला अर्धा तास लागला. हा प्रोग्राम एकटा येत नाही. त्याच्यासोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम असतो. तो आधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून पाठवून देतो, मग कुलपांचं काम सुरू होतं. ताईंच्या क्रोममध्ये तीनशे पार्ट्यांचे पासवर्ड साठवलेले. शिवाय डेस्कटॉपवर 'पार्टी लिस्ट' नावाची एक्सेल फाइल: नाव, पॅन, जन्मतारीख, आयकरचा पासवर्ड, जीएसटीचा पासवर्ड, मोबाइल. बहुतेक पासवर्ड एकाच साच्यातले, पार्टीची आद्याक्षरं, मग अॅट, मग एक-दोन-तीन. फाइल आमच्यासाठी बंद झाली होती. त्यांच्यासाठी ती उघडी असणार, असंच धरून चालणं भाग होतं.

म्हणून त्या रात्री आधी ऑफिसचा जीमेल, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. मग बापूंची बँक. मग जीएसटी, मग आयकर. हे सगळं वाचलेल्या मशीनवरून आणि तेही मी आधी तपासून. आयकरचा पासवर्ड आधारच्या ओटीपीनं बदलता येतो. मग फोन सुरू झाले. "दादा, ओटीपी आला असंल, सांगा." पलीकडून, "भट्टीवर हाय, दहा मिनिटांनी." हे तीन आठवडे चाललं.

ऑगस्टमध्ये बापू म्हणाले, "आता तू सांग, कोणती सॉफ्टवेअरं घ्यायची. चांगल्यातली यादी दे."

यादी माझ्याकडे होती. अशा याद्या सगळ्यांकडे असतात. पण या खेपेला मी ती दिली नाही. एक दिवस ताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि त्या कुठे अडतात ते वहीत लिहीत गेलो. अकरा वाजेपर्यंत माझ्या लक्षात आलं की यादी उलट्या बाजूनं करायला हवी होती. ताईंनी क्रॅक घेतला तो हौसेनं नाही. त्या पाच एमबीला अडल्या होत्या, आणि बारा वर्षांत कुणी त्यांना त्यावर सरळ वाट दाखवली नव्हती. मीही नाही.

पाच एमबीचंच बघा. स्कॅनर तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) आणि रंगीत असा लावलेला होता, बहुधा मीच बसवताना. ए-फोर पान तसं स्कॅन केलं की कच्चा मजकूर साधारण २६ एमबीचा होतो. दीडशे डीपीआय केलं की ठिपके चौथाईवर येतात, रंगीतऐवजी करडं केलं की आणखी तिसरा हिस्सा. म्हणजे बारा पट फरक, आणि बिलावरचा आकडा तितकाच वाचता येतो. तोच अठ्ठेचाळीस एमबीचा गठ्ठा पुन्हा स्कॅन केला तेव्हा चार एमबीच्या आत बसला. ज्या कामासाठी ऑफिस बुडायला आलं होतं, त्याला सॉफ्टवेअर लागतच नव्हतं. ताई काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं फक्त.

स्कॅनसाठी मग नॅप्स-टू बसवलं. मोफत, मुक्त स्रोताचं, पानं मागेपुढे करता येतात, आणि 'बिलं' व 'ओळखपत्र' अशा दोन सेटिंग नावानं साठवून ठेवता येतात. पीडीएफ जोडायला-तोडायला पीडीएफ-ट्वेंटीफोरची मशीनवर बसणारी आवृत्ती. वेबसाइटवर फाइल चढवून 'कॉम्प्रेस' करून घेण्याची सवय मोडायची होती. लोकांचं पॅन आणि बँकेचं स्टेटमेंट आपण कुठल्या कोण माणसाच्या सर्व्हरवर टाकतो, हे घाईत ध्यानात येत नाही.

आधी काढायचं काम केलं. ताईंच्या मशीनवर सत्तेचाळीस प्रोग्राम होते. चार पीडीएफ कन्व्हर्टर, दोन डाउनलोड मॅनेजर, दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत, आणि मराठी टायपिंगचं एक साधन, गूगलचं म्हणून कुठल्याशा तिऱ्हाईत साइटवरून आणलेलं. गूगलनं विंडोजवर बसणारं ते साधन कधीच मागे घेतलं, तरी त्याच्या नावाच्या फाइली नेटवर फिरतच असतात. मशीन फॉरमॅट मारून नव्यानं उभं केलं तेव्हा सोळा प्रोग्राम बसवले.

विंडोज या वेळी विकतचं. बापूंनी विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्सबद्दल विचारलं होतं, भाच्यानं कानावर घातलं असावं. पण टॅली विंडोजवर चालते, डोंगलची जोडणी आणि सहीचं साधन एमसायनर आमच्याकडे त्यावरच बसलेलं. जिथे सही आणि टॅली आहे तिथे लिनक्सचा हट्ट धरला असता तर महिन्यात मला शिव्या पडल्या असत्या. ऑफिसच्या बाबतीत माझा अंदाज थोडा चुकला. तिन्ही मशीनवर मोफत मिळणारं लिब्रेऑफिस टाकून मी खूश होतो. दुसऱ्याच दिवशी आयकर खात्याची एक्सेलमधली भरणी-फाइल मॅक्रोवर, म्हणजे तिच्या आतल्या छोट्या प्रोग्रामवर, अडून बसली. शेवटी एका मशीनवर विकतचं एक्सेल, बाकी दोनवर लिब्रेऑफिस. पत्रं, यादी, पाकिटावरचे पत्ते एवढ्यासाठी ते भरपूर आहे.

अँटिव्हायरसवरून बापू ठाम होते. क्विक हीलच घे, कारण ती कंपनी काढणारे काटकर आपल्या रहिमतपूरचे. मला आक्षेप नव्हता. पण त्यांना एवढंच सांगितलं की त्या दिवशी मशीनवर अँटिव्हायरस होताच, ताईंनी तो बंद केला. जगातला कुठलाही पहारेकरी आपणच घरी पाठवला तर काय करणार? विंडोजमधला डिफेंडर आपल्या कामाला पुरतो, फक्त तो बंद करायची मुभा कुणाला आहे ते बघायला हवं. तोवर ताई, भाचा, सगळेच मशीनचे मालक म्हणून लॉगिन करत. ते बदललं. ताईंचं साधं खातं केलं, मालकाचा पासवर्ड बापूंकडे. नवीन काही बसवायचं तर बापूंना हाक मारायची. या एका बदलानं बाकी सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त काम केलं असं माझं मत आहे, आणि त्याला खर्च शून्य. अर्थात दुसऱ्याच आठवड्यात बापूंनी लग्नाच्या मांडवातून फोनवर तो पासवर्ड भाच्याला सांगून टाकला. तो बदलून घेतला. नंतर परत एकदा तसंच झालं. आता होत नाही, कारण बापूंनाच तो लक्षात राहत नाही, पाकीट उघडावं लागतं.

डिफेंडरमध्ये आणखी एक सोय आहे. ठरावीक फोल्डरना अनोळखी प्रोग्रामनं हात लावला तर तो अडवतो. खंडणीखोरावर नेमका उतारा. मी ती मोठ्या उत्साहानं चालू केली. टॅलीचा बॅकअप अडला, सहीचं साधन अडलं, प्रत्येकाला परवानगी देत बसावं लागलं. वीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. टॅलीच्या मशीनवर ती बंद आहे. भाच्याच्या मशीनवर चालू आहे, तिथे काही बिघडलं नाही.

ब्राउझरची गोष्ट जरा वेगळी, कारण इथे ताई स्वतः खूश झाल्या. दिवसभर त्या एकाच पोर्टलवर वेगवेगळ्या पार्ट्यांनी लॉगिन करतात. एकाच वेळी दोन उघडायच्या असल्या की एक क्रोममध्ये, दुसरी एजमध्ये, तिसरी गुप्त खिडकीत. मग कोणती कुणाची यात गोंधळ, आणि एकदा तर एका पार्टीचं चलन दुसरीच्या नावावर निघता निघता राहिलं. फायरफॉक्सला कंटेनरची जोड आहे. एका खिडकीत वेगवेगळ्या रंगांचे टॅब, प्रत्येकाची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी खूण) वेगळी, एकाचं लॉगिन दुसऱ्याला दिसत नाही. ताईंनी यंत्रमागवाल्यांना निळा, गलाईवाल्यांना पिवळा, दुकानदारांना हिरवा दिला. पिवळा का, तर सोनं. सोबत यूब्लॉक ओरिजिन टाकलं, जाहिराती अडवायला. हे सुखासाठी नाही. गूगलवर सॉफ्टवेअरचं नाव टाकलं की वरचा पहिला दुवा पुष्कळदा जाहिरात असतो, आणि जाहिरात कुणीही देऊ शकतो. खोटी डाउनलोड पानं ताईंना दिसलीच नाहीत तर फसण्याचा प्रश्नच कमी. पुढे क्रोमनं या जोडणीची जुनी पद्धत बंद केली, तेव्हा क्रोमवर राहिलो नाही याचं बरं वाटलं. एखादं सरकारी पान फायरफॉक्समध्ये रुसतं, त्यासाठी एज ठेवलेला आहे.

पासवर्ड सांभाळायला मी आधी बिटवॉर्डन सुचवलं. तीन माणसं, तीन मशीनं, एकच तिजोरी. बापूंनी विचारलं, "म्हणजे सगळ्या पार्ट्यांचे पासवर्ड परत इंटरनेटवरच?" मी कुलूप कसं असतं ते समजावत होतो, तेवढ्यात डिसेंबर २०२२ मध्ये लास्टपास या तसल्याच पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीची बातमी आली: चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती नेल्या. तिजोऱ्या कुलूपबंद होत्या हे खरं, पण कोणत्या साइटची खाती आहेत ते पत्ते उघडे होते. ती कंपनी वेगळी, बिटवॉर्डन वेगळं, हे मला माहीत होतं. पण पोळलेल्या माणसाशी वाद घालायची ती वेळ नव्हती. मग इंटरनेटवर न ठेवता चालणारं कीपासएक्ससी घेतलं. एकच फाइल, ऑफिसच्या मशीनवर. ताई तिच्यात लिहितात, बाकीचे फक्त बघतात, म्हणजे दोघांनी एकदम बदल करून घोळ होत नाही. मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच मराठी शब्दांचा, रोमन अक्षरांत. त्यातला एक शब्द भाजीचा आहे एवढंच सांगतो. तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, बापूंच्या घरच्या कपाटात. बापूंना काही झालं तर काकूंना तो सापडायला हवा, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता, काकूंच्या आला.

ताईंना यातली सोय आवडली ती अशी की पासवर्ड डकवू न देणाऱ्या पानांवरही कीपासएक्ससी स्वतः अक्षरं टाइप करून देतं. सुरक्षेची सोय त्यांना नंतर कळली. पोर्टलसारखंच दिसणारं एक पान मेलमधल्या दुव्यावरून उघडलं होतं, आणि ब्राउझरमधली जोडणी पासवर्ड द्यायलाच तयार नव्हती. ताईंनी मला फोन केला, "हे बिघडलंय." बिघडलं नव्हतं. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं.

मराठी टायपिंग हा विषय मी शेवटी ठेवला होता आणि ताईंच्या दृष्टीनं तोच पहिला होता. पार्ट्यांना मराठीतून पत्रं जातात. जुनी सगळी शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये. व्हॉट्सअॅपवर टाकली की पलीकडे इंग्रजी अक्षरांचा भुगा. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. बाहेरून काही आणायला नको, भाषेच्या यादीतून जोडायचा एवढंच. ताईंची बोटं दोन आठवडे अडखळली. मग मुक्ता फॉन्टमध्ये पहिलं पत्र गेलं आणि कोचीच्या गलाईवाल्यानं फोन करून सांगितलं की पहिल्यांदाच तुमचं पत्र मोबाइलवर वाचता आलं.

दूरच्या पार्टीच्या मशीनवर जायला एनीडेस्क लागतंच, ते काढून चालणार नव्हतं. पण ते कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उठत होतं आणि कायमचा पासवर्ड देऊन ठेवलेला होता. तो काढला. आता काम असेल तेव्हा उघडायचं, झालं की बंद. डोंगलही तसाच. आधी रात्रंदिवस लावलेला, आता खणात.

बॅकअपबद्दल मात्र जरा थांबतो, कारण इथेच आम्ही दुसऱ्यांदा पडलो.

दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या, एक तांबडी, एक काळी. दोन्हींना मिळून नऊएक हजार लागले. रोज संध्याकाळी सहाला एक लावायची, फ्रीफाइलसिंकची ठरवून ठेवलेली नोंद चालवायची, ती जुन्या प्रतीही राखून ठेवते, मग डिस्क काढायची. काढायची हे महत्त्वाचं, लावलेली डिस्क त्या जुलैतल्या पेनड्राइव्हसारखीच जाते. शनिवारी एक बापूंच्या घरी, दुसरी ऑफिसात. टॅलीचा बॅकअप आधी टॅलीतूनच घ्यायचा आणि ती फाइल डिस्कवर न्यायची. चालू टॅलीचं फोल्डर थेट गूगल ड्राइव्हला जोडण्याची आयडिया भाच्यानं मांडली होती. उघड्या डेटाची अर्धवट प्रत चढते आणि नंतर दोन्ही बिघडतात, म्हणून ती मोडीत काढली. आठवड्याची एक प्रत सेव्हन-झिपनं पासवर्ड लावून ड्राइव्हवर जाते.

सहा महिने सुरळीत. महिन्याच्या एक तारखेला कुठलीही एक फाइल डिस्कवरून उघडून बघायची, असं मी लिहून दिलं होतं. मार्च २०२३ मध्ये ताईंनी खरंच उघडून बघितली, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर टॅलीची एकही फाइल त्यात नव्हती. टॅली अपडेट करताना मी बॅकअपची जागा बदलली होती आणि फ्रीफाइलसिंक इमानेइतबारे रोज एका रिकाम्या फोल्डरची प्रत काढत होतं, हिरवी खूण दाखवत. त्या वेळी मशीन पडलं असतं तर ऐन मार्चअखेरीत तीन आठवडे गेले असते. तेव्हापासून तपासणी महिन्याची नाही, दर शनिवारची. डिस्क घरी न्यायच्या आधी ताई टॅलीची तारीख बघतात आणि डिस्कला चिकटवलेल्या कागदावर पेनानं लिहितात. कागद भरला की नवा चिकटतो. सध्या सातवा चालू आहे.

फोनकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. २०२४ च्या अखेरीस एपीके फाइलींचा, म्हणजे फोनवर अॅप बसवणाऱ्या फाइलींचा, सुळसुळाट झाला. कधी आरटीओच्या चलनाच्या नावानं, कधी लग्नपत्रिकेच्या. ऑफिसच्या व्हॉट्सअॅपवर एका ओळखीच्या पार्टीकडून पत्रिका आली. लग्नसराई, नाव ओळखीचं, भाच्याचं बोट गेलंच होतं. फाइलच्या शेवटी पीडीएफऐवजी एपीके दिसलं म्हणून थांबला. त्या पार्टीचा फोन आधीच ताब्यात गेलेला होता. त्यानंतर ऑफिसच्या फोनवर आपोआप डाउनलोड बंद केलं, अनोळखी जागेवरून अॅप बसवण्याची परवानगी काढली, आणि ई-वे बिलाचे (मालाच्या वाहतुकीला लागणाऱ्या ऑनलाइन पावतीचे) ओटीपी येणारा तो फोन भाच्याच्या खिशातून टेबलावर आला. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाला दुहेरी पडताळणी सगळ्यांनाच लागू झाली. ज्यांनी तोवर एकाच लॉगिनवर चार माणसं चालवली होती त्यांची पळापळ झाली. आमच्याकडे तिघांचे तीन उप-लॉगिन आधीच होते. तेवढी एक गोष्ट वेळेत केली होती, नशिबानं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. तिन्ही मशीनं चालू स्थितीत, पण फक्त एकात आठव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ तेवढ्यालाच लागू. त्यावर ते चढवलं. ताईंचं मशीन दिवाळीआधी नवं घेतलं. तिसऱ्यावर मात्र शेवटी भाच्याच्या मनासारखं झालं, लिनक्स मिंट. तिथे टॅली नाही, डोंगल नाही. स्कॅनर आहे, फायरफॉक्स आहे, लिब्रेऑफिस आहे. नॅप्स-टू आता लिनक्सवरही चालतं, त्यामुळे बिलं स्कॅन करणाऱ्याला फरक कळलाही नाही. नवीन आलेल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण का नाही?" एवढाच.

सोळाचे आता चौदा प्रोग्राम आहेत ताईंच्या मशीनवर. मी दर तीन महिन्यांनी यादी बघतो. काही वाढलेलं दिसलं तर रागावत नाही, कशाला लागलं ते विचारतो. मागच्या खेपेला एक फोटो लहान करणारं साधन होतं, पोर्टलला पासपोर्ट फोटो ठरावीक मापाचा लागतो म्हणून. ते विंडोजच्या पेंटमध्येच होतं. दाखवून दिलं.

गेल्या महिन्यात भाच्यानं ऑफिसच्या जीमेलच्या 'पाठवलेले'मध्ये सहज 'पासवर्ड' असा शब्द शोधला. दोनशेबारा मेल निघाले. २०१४ पासूनचे, पार्ट्यांना त्यांचेच पासवर्ड कळवलेले, दोन मेलला ती जुनी 'पार्टी लिस्ट' अख्खी जोडलेली. पासवर्ड तर सगळे बदलले आहेत, पण पॅन आणि जन्मतारखा बदलत नाहीत. एकदम पुसून टाकू म्हणालो तर ताई म्हणाल्या, थांबा, त्यात काही मेलला जुन्या ऑर्डरी जोडलेल्या आहेत, बघून काढते. दुपारच्या चहानंतर रोज दहा. काल विचारलं तेव्हा नव्वद उरले होते.